पाच सुयांच्या पुडीतलं बी

हो, मीच बोलतोय. खिडकीच्या कट्ट्यावर त्या चपट्या कुंडीत वीतभर उंचीचं, वरून छाटलेलं झाड दिसतंय ना, तो मी. जातीने पाइन. डोंगरावर माझे भाऊबंद घरांपेक्षा उंच वाढतात. माझं मात्र बॉन्साय करायचं ठरलंय, म्हणजे मी म्हातारं व्हायचं पण मोठं व्हायचं नाही.

आणि माझा स्वभाव कसा, तर मला दम म्हणून निघत नाही. सगळं आत्ताच्या आत्ता हवं असतं. झाडाच्या जन्माला येऊन ज्याला एका जागी बसवत नाही, त्याने करावं तरी काय?

आज तर विचारूच नका. या घरची मुलगी आज बऱ्याच महिन्यांनी परत येते आहे, आणि तिच्या बापाने तिला फोनवर माझ्याबद्दल एक थाप मारून ठेवली आहे. ती आत आली की सरळ माझ्याकडे येणार आणि थाप उघडी पडणार. बापाच्या सकाळपासून दाराशी खेपा चालल्यात, माझ्याकडे मात्र तो फिरकलेला नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! ती येईपर्यंत माझी कहाणी ऐका. तेवढाच माझा वेळ जाईल.

माझा जन्म एका लाकडी खवल्यांच्या शंकूत झाला. आमच्यात प्रत्येक बीला एक पातळ पंख असतो. शंकू उमलला की वारा येतो आणि आम्हाला घेऊन जातो, असं आत बसल्या बसल्या ऐकून होतो. मी किती घाई केली म्हणून सांगू! पण वाऱ्याच्या आधी शिडी घेऊन माणूस आला. त्याने बंद शंकूच तोडले, उन्हात वाळवले, आणि भाजलेल्या शेंगदाण्याची सालं काढावीत तसे आमचे पंख तळहातावर चोळून फुंकरीने उडवून दिले. उडण्याची हौस तिथेच संपली.

तिथून मी बियाणेवाल्याच्या दुकानात आलो. भिंतभर लाकडी खण होते. काळ्या पाइनच्या खणात मी पडलो, आणि रोज कुणीतरी खण उघडेल म्हणून वाट बघत बसलो.

एके दिवशी एक बाप-लेक आले. बाप कवळ्या बनवणारा. दंतवैद्य जबड्याचं माप पाठवतात आणि हा घरच्या कामाच्या खोलीत बसून प्लास्टर, मेण आणि चिनी मातीचे दात घेऊन कवळ्या घडवतो. बोटांवर कायम पांढरी पूड. मुलगी जहाजावर इंजिन सांभाळते. कित्येक महिने समुद्रावर आणि मग थोडे दिवस घरी, असं तिचं चालतं. बाप तिला 'मिस्त्री' म्हणतो. घरात दोघंच.

"जन्मभर लोकांचे दात केले," बाप बियाणेवाल्याला सांगत होता. "चांगला झाला तर कुणी परत येत नाही. परत येतो तो 'टोचतंय' म्हणायलाच येतो. आता एक गोष्ट मला माझ्यासाठी करायची आहे. बियापासून बॉन्साय. तयार रोप नको. जात कुठली घेऊ ते सांगा."

बियाणेवाल्याला तेवढंच हवं होतं. लग्नाची स्थळं दाखवावीत तसा तो सुरू झाला.

"हा बघा पाच सुयांचा. एकेका जागेतून सुईसारखी पाच-पाच बारीक पानं फुटतात, मऊ, निळसर. राजघराणं समजा. पण नखरेही राजाचेच. पाणी जास्त झालं की मुळं कुजणार, कमी झालं की रुसणार. निम्म्या बिया तर उगवतच नाहीत. हा तांबडा, दोन सुयांचा. साल सुरेख, पण फांदी नाजूक. आणि हा काळा. हाही दोन सुयांचाच. सुया टोचतात, साल खडबडीत. कापा, वाकवा, विसरा, पठ्ठ्या परत उभा. नवशिक्याने डोळे मिटून काळा घ्यावा."

'नवशिक्या' हा शब्द बापाला झोंबला. त्याची मान ताठ झाली.

मुलगी सगळे खण नीट बघत होती. तिने विचारलं, "काका, यातलं कुठलं झाड पाण्यावाचून आठवडाभर जगेल?"

बियाणेवाला दुखावला. "अहो ताई, तुम्हाला झाड हवंय की दगड?"

"मला काहीच नकोय. बाबांना हवंय. आणि बाबा, हे तयार कधी होणार?"

"काळा पंधरा-वीस वर्षांत जरा बघण्यासारखा होतो," बियाणेवाला म्हणाला. "पाच सुयांच्याला तीस धरा."

मुलीने बापाकडे पाहिलं. बापाचे केस तेव्हाच पांढरे होते. हिशेब तिघांच्याही डोक्यात झाला.

"पाच सुयांचा द्या," बाप म्हणाला.

आता इथे नशिबाने खोडी काढली. बियाणेवाल्याने नुकतंच दुसऱ्या गिऱ्हाइकाला काळं बी मोजून दिलं होतं. तो पत्र्याचा चमचा न पुसता त्याने तसाच राजघराण्याच्या खणात घातला. चमच्याच्या दुमडीत आम्ही तिघे काळे अडकलो होतो. पुडी बांधली गेली तेव्हा आत अंधारात आम्ही तिघे आणि भोवती आमच्या दुप्पट आकाराची बडी मंडळी. मी तर खूश! निघालो एकदाचे.

घरी आल्यावर बापाने उत्तरेच्या खिडकीत पांढरी फरशी ठेवली आणि त्यावर आम्हाला पसरलं. तो दात असेच निवडतो. उत्तरेच्या उजेडात छटेशी छटा लावून बघतो. छटा जुळली की दात जुळला, हे त्याचं आयुष्यभराचं गणित. फिकट बिया त्याने बाजूला सारल्या. आमच्यावर त्याचं बोट थबकलं.

"हे तीन फार लहान नाहीत का?" मुलीने विचारलं.

"लहान आहेत, पण छटा तीच आहे ना? एका जबड्यात सगळे दात थोडेच एका मापाचे असतात!"

दातांचं पक्कं ज्ञान होतं, म्हणूनच बियांत चूक झाली. आम्ही तिघे पास.

मग पाण्याची परीक्षा. रात्रभर वाटीत भिजवायचं, सकाळी जे तरंगेल ते पोकळ, ते फेकायचं. आमच्यातला एक तरंगला. मी तळाशी जाऊन घट्ट बसलो. त्यानंतर ओल्या वाळूच्या डबीत घालून आम्हाला फ्रिजमध्ये ठेवलं, दुधाशेजारी. थंडी सोसल्याशिवाय पाइनच्या बीला वाटतच नाही की हिवाळा संपला. राजघराण्याला त्यासाठी तीन महिने लागतात. काळ्याला थोडे आठवडे पुरतात. म्हणजे माझी झोप झाली होती आणि बाकीचे घोरत होते! दार उघडायचं, दिवा लागायचा, मला वाटायचं आली वेळ, आणि हात दुधाकडे जायचा.

शेवटी मी वाट बघणं सोडलं आणि डबीतच फुटलो. एक पांढरी शेपटी बाहेर काढली.

बापाने झाकण उघडलं आणि ओरडलाच. "फुटला! केवढा जोम! याला म्हणतात खानदान!"

मी काय बोलणार? मूग गिळून बसलो. गिळायला काहीतरी हवंच होतं.

कुंडीत गेल्यावर माझ्या काळ्या भावाला चिमणीने बियाच्या टोपीसकट उचललं. राजघराण्यातले थोडेसेच वर आले, नाजूक, छत्रीच्या काड्यांसारखी पानं पसरून. पण बापाचा हात पाण्याच्या झारीवरून निघेना. सकाळी घाल, दुपारी घाल, काम करता करता उठून घाल. एकेकाचा देठ मातीलगत काळा पडला आणि ते आडवे झाले. माया पातळ झाली तर चालते, जास्त झाली तर बुडवते, हे मी तेव्हाच पाहिलं. उरलो मी एकटा.

त्यानंतर एका सकाळी त्याने मेण कोरायची सुरी घासून आणली. मी नुकता कुठे मुळं खाली सोडून स्थिर होत होतो. त्याने मला उपटलं आणि सोटमूळच छाटून टाकलं! उरलेला देठ वाळूत खोचला. मुळं पुन्हा सगळ्या बाजूंनी गोल फुटावीत, पुढे बुंध्याचा पाया रुंद दिसावा, म्हणून असं करतात म्हणे. पाच सुयांच्याला हे बहुधा मानवलं नसतं. मी काळा, म्हणून तगलो. पण तेव्हाची तगमग आठवली की अजून सुया ताठ होतात.

पहिल्या वर्षी आम्हा सगळ्याच पाइनना एकेकटी सुई येते. जात ओळखू येते ती दुसऱ्या वर्षी, झुपके फुटतात तेव्हा. बाप कवळी न्यायला आलेल्या प्रत्येकाला मला दाखवायचा. "पुढच्या उन्हाळ्यात या. पाच-पाच फुटतील." मी मनात म्हणायचो, पाच कुठून आणू?

त्या हिवाळ्यात मुलगी सुट्टीवर आली. जेवताना बापाने विषय काढला.

"मिस्त्री, माझ्यानंतर याला तू सांभाळशील ना?"

तिचा हात ताटातच थांबला. "बाबा, आत्ताच सांगते. मला हे झाड नको."

"एवढं काय वाकडं केलंय त्याने तुझं?"

"काही नाही. पण मी वर्षातले आठ-नऊ महिने घरात नसते. परत येताना दर वेळी दारातच माझी छाती धडधडते, सगळं ठीक असेल ना म्हणून. तुमच्यासाठी धडधडते ती पुरे आहे. त्यात आणखी एक जीव नको. दार उघडल्यावर मेलेलं झाड बघायचं नाहीये मला."

बापाने पुढे वाढलेलं खाल्लं नाही. तिनेही नाही. ती गेल्यावर तो माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "तिचं बरोबर आहे रे. पण मग मी हे करतोय कुणासाठी?" त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला त्याची दया आली.

दुसरा उन्हाळा आला. माझ्या शेंड्याला झुपके फुटू लागले, आणि नेमका त्याच सुमाराला बाप कामाच्या खोलीच्या पायरीवरून घसरला. खुब्याचं हाड मोडलं. शेजारच्यांनी गाडी बोलावली, त्याला स्ट्रेचरवर घालून नेलं आणि घराला कुलूप लागलं. जाताना तो ओरडत होता, "झाडाला पाणी!" पण अशा वेळी कोण ऐकतं?

खिडकीत ऊन, कुंडी वितीएवढी, माती विटेसारखी. मी एकेका सुईचं तोंड मिटून घेतलं. मुळं भेगांतून ओल शोधत होती. जन्मात पहिल्यांदा मला घाई नव्हती. फक्त टिकायचं होतं. दिवस गेले, मोजायचं भान नव्हतं.

मग कुलूप वाजलं. बातमी कळताच मुलगी अर्ध्या वाटेतल्या बंदरावर उतरून आली होती. दवाखान्यातून थेट घरी, बापाचे कपडे न्यायला. कपाट उघडायच्या आधी तिची नजर खिडकीत गेली. ती तिथेच उभी राहिली. मग हळूच जवळ येऊन तिने माझ्या सुईला बोट लावलं. टोचली.

"आई गं! जिवंत आहेस तू?"

तिने कुंडी उचलून बादलीत बुडवली. बुडबुडे थांबेपर्यंत ती गुडघ्यांवर बसून होती आणि रडत होती, मोठ्याने, घरात कुणी नाही म्हणून. मग तोंड पुसून तिने मला उजेडात धरलं आणि झुपके मोजले. इंजिनाची माणसं मोजल्याशिवाय राहत नाहीत. दोन, दोन, दोन. सगळीकडे दोन.

बाप काठी टेकत घरी आला तेव्हा तिने लपवाछपवी केली नाही. माझी कुंडी त्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, हा पाच सुयांचा नाही. काळा आहे."

बापाने भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिला. त्याची मान लाल झाली. "मी छटेवर गेलो," तो म्हणाला. "चाळीस वर्षं दात जुळवतोय आणि बी ओळखता आलं नाही. टाकून दे." मग फोन उचलून बियाणेवाल्याची त्याने अशी हजेरी घेतली की विचारू नका. तोही शरमला. दुसऱ्याच दिवशी त्याने नवी पुडी पाठवली, अस्सल पाच सुयांची, चमचा धुऊन भरलेली.

पुडी टेबलावर, मी खिडकीत. माझा जीव टांगणीला लागला. जात निवडायची वेळ पुन्हा आली होती, आणि या वेळी एका बाजूला मी होतो.

"पेरा ना," मुलगी म्हणाली. "तुम्हाला तोच हवा होता."

"हवा होता. पण आता आणखी तीस वर्षं कुठून आणू?"

ती खिडकीशी आली. "मग हाच ठेवू या. हा मला चालेल."

"तुला? तुला तर झाडच नको होतं."

"मेलेलं झाड नको होतं. तुम्ही नव्हता, मी नव्हते, कुणीच नव्हतं, तरी हा होता. असा सोबती असेल तर मला दार उघडायला भीती वाटणार नाही."

बापाने पुडी तिच्या हातात दिली. "ही परत दे. दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल. आपल्याकडे एक आहे."

'आपल्याकडे' हा शब्द ऐकून मला फुटायची इतकी घाई झाली की काय सांगू! पण हिवाळा तोंडावर होता. बसलो गप्प.

या वसंतात ती सुट्टीवर आली तेव्हा बापाने तिच्या हाती कात्री दिली. माझा शेंडा सरळसोट वर निघाला होता. तो छाटायचा, म्हणजे खालून नवे कोंब येतात आणि बुंधा वळण घेतो. "इथे, या सुयांच्या वर," त्याने बोटाने दाखवलं. ती दुसऱ्या दिवशी निघणार होती, मनात सतरा गोष्टी. तिने कात्री लावली ती फार खाली. कच्च! वरचा सगळा हिरवा भाग टेबलावर पडला. माझ्या अंगावर सुयांच्या दोन-तीन जोड्याच उरल्या.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, मारलं का मी याला?"

"छे गं! काळा आहे तो. फुटेल."

तो असं म्हणाला खरा, पण त्याचे डोळे तसं म्हणत नव्हते. ती गेली.

त्यानंतर दर बंदरावरून फोन. आधी "जेवलात का", "खुबा कसा आहे" असायचं. आता पहिला प्रश्न एकच, "आला का कोंब?" बाप भिंग घेऊन माझ्यावर वाकायचा. काही नाही. "येईल, येईल." पुन्हा फोन, पुन्हा भिंग, पुन्हा काही नाही. मी आत सगळा जोर लावत होतो, पण मुळांकडे उरलंच होतं थोडं. एकदा फोनवर तिचा आवाज असा कापरा आला की बापाला राहवेना. तो म्हणाला, "आला गं! एक आलाय. हिरवागार!"

पलीकडून ती हसली. आणि बाप फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून बसला. त्या दिवसापासून त्याने भिंग खणात टाकलंय. पाणी घालतो तेही दुसरीकडे बघत.

मला माझा शेंडा दिसत नाही. कापाखाली काही दिवसांपासून नुसती खाज सुटली आहे. ती कशाची, जगण्याची की सुकण्याची, मला सांगता येत नाही. आज जर तिने मला मेलेलं पाहिलं, तर ती पुन्हा कधी दार उघडताना...

थांबा. बेल वाजली.

आलीच ती. खांद्यावरची बॅग दारातच टाकली.

"चहा टाकतो," बाप म्हणतोय. "दमली असशील. आधी हात-पाय धू."

"आधी झाड."

"अगं, ते कुठे पळून जातंय?"

ती ऐकते थोडीच! तिचा चेहरा माझ्यावर वाकलाय. बोटाने ती कापाखाली चाचपतेय. स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून बाप उभा आहे, डोळे मिटून.

"बाबा, तुम्ही फोनवर एकच म्हणाला होतात."

"अं?"

"कोंब. तुम्ही एकच म्हणालात. हे तर दोन आहेत!"

बापाने डोळे उघडले. काठी तिथेच राहिली. लंगडत खणापाशी गेला, भिंग काढलं, माझ्यावर वाकला. त्याचा श्वास माझ्या सुयांना लागला. कापाच्या अगदी खाली, सुयांच्या जोडीपाशी, दोन बारीक हिरवे ठिपके.

"हो," तो म्हणाला. "दोन आहेत." आणि स्टुलावर बसून त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हात काढले तेव्हा गालांवर प्लास्टरचे ओले पट्टे होते.

"बाबा! रडताय?"

"पूड गेली डोळ्यात."

ती हसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "यातला शेंडा म्हणून ठेवायचा कुठला? उजवा की डावा?"

"तू ठरव. झाड तुझं आहे."

तिने मला एकदा या बाजूने फिरवलं, एकदा त्या बाजूने. "आत्ता नको. वाढू देत दोन्ही. पुढच्या सुट्टीत ठरवते."

पुढच्या सुट्टीत! ऐकलंत ना? म्हणजे पुन्हा वाट बघणं आलं. बरं, बघतो. पण तुमचं एक काम करा. तुमच्यापैकी कुणी बंदराच्या बाजूला जाणार असेल, तर तिच्या जहाजाला एवढा निरोप द्या, या वेळी जरा लवकर परत फिर म्हणावं. घरी दोघं खोळंबलेत.